गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा पोटपट्टा : तीन पट्टे, आठ आठवडे

शस्त्रक्रियेसाठी दाखल होताना सोबत आणायच्या वस्तूंची जी यादी माझ्या हाती पडली, तिच्यात मोजे आणि सॅनिटरी पॅड यांच्या मध्ये ‘ॲब्डॉमिनल बेल्ट, १ नग’ अशी एक नोंद होती. तो किती रुंद असावा, माप कोठे घ्यावे, कधी बांधावा आणि कधी सोडून ठेवावा, याविषयी त्या कागदावर एक अक्षरही नव्हते. मी विचारले तेव्हा “मध्यम मापाचा घ्या, बसेल तुम्हाला” एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या आठ आठवड्यांत मी एकामागून एक तीन पट्टे वापरले. पहिला चुकीचा निघाला, दुसऱ्याने उत्तम साथ दिली आणि तिसरा घेतला नसता तरी काही अडले नसते. हे परीक्षण तिन्ही पट्ट्यांचे असले, तरी त्यातली बरीच जागा मापाला आणि बांधण्याच्या पद्धतीला गेली आहे, कारण पट्टा चांगला की वाईट याचा निकाल बहुतांशी तेथेच लागतो, हे मला उशिरा कळले.

प्रथम माझी शस्त्रक्रिया कोणती होती ते सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढच्या मजकुराचा उपयोग नाही. गर्भाशयातील गाठी आणि त्यांमुळे होणारा अतिरक्तस्राव यांसाठी माझे गर्भाशय पोट उघडून काढले, अंडाशय ठेवले. छेद आडवा, जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी हाताला लागणाऱ्या हाडाच्या, दोन बोटे वर, साधारण वीतभर लांबीचा. अशा छेदात त्वचा, चरबी आणि स्नायूंवरचे चिवट आवरण कापले जाते, पोटाचे मधले उभे स्नायू मात्र न कापता बाजूला सारतात. बाहेरची जखम दोन आठवड्यांत मिटलेली दिसते, पण आतल्या त्या आवरणाला पूर्वीच्या जवळपास जाणारी ताकद यायला काही महिने लागतात. सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलू नये, असे बजावतात ते याच कारणाने. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्यांची गोष्ट बरीच वेगळी असते. तिच्याकडे शेवटी येते.

पहिला पट्टा चार पट्ट्यांचा, म्हणजे एकाखाली एक शिवलेल्या चार आडव्या इलॅस्टिक पट्ट्यांचा, १२ इंच रुंद होता. शस्त्रक्रियेच्या रात्री परिचारिकेने मी उताणी असतानाच तो खालून सरकवून बांधला आणि पडल्यापडल्या मला तो फारच उत्तम वाटला. पोटाला कोणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवले आहे, असा तो आधार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मला खुर्चीत बसवले आणि पाच मिनिटांत त्या पट्ट्याचे खरे रूप दिसले. वरची कड बरगड्यांच्या खाली रुतली, त्यामुळे खोल श्वास घेता येईना. बरगड्यांनी वरून दाबल्यामुळे खालच्या पट्टीची घडी पडून ती वर सरकली आणि तिची दुमडलेली कड नेमकी टाक्यांच्या रेषेवर येऊन बसली. ज्या जागेला आधार हवा होता, तिथेच धार लागल्यासारखे होऊ लागले. मी पट्टा खाली ओढत असे, तो पुन्हा वर येत असे, आणि हा उद्योग दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी मी तो सोडून ठेवला आणि उशी पोटाशी धरून फिरू लागले.

चूक पट्ट्याच्या दर्जाची नव्हती. त्याचे इलॅस्टिक भक्कम होते, शिवण सरळ होती, चिकटपट्टी (वेल्क्रो) घट्ट धरत होती. चूक रुंदीची होती, आणि ती का झाली हे घरी आल्यावर मापपट्टी घेऊन बसले तेव्हा उमगले. उभे राहिल्यावर माझ्या शेवटच्या बरगडीपासून जघनास्थीपर्यंतचे अंतर ११ इंच भरले. खुर्चीत बसल्यावर तेच ९ इंचांवर आले. पट्टा विकणारे सगळे जण पोटाचा घेर विचारतात आणि त्यावरून लहान, मध्यम, मोठा असे माप देतात. ही दुसरी, उभी मोजणी मला कोणीच सांगितली नव्हती. उंच बांध्याच्या बाईला १२ इंची पट्टा सहज बसेल. ज्यांचे धड आखूड आहे त्यांना मात्र तो बसल्याबरोबर छळणार. म्हणून माप घ्यायचे ते बसून घ्यावे, आणि त्या मापात न मावणारा पट्टा कितीही नामांकित असला तरी घेऊ नये.

घेराच्या मोजणीतही एक मेख आहे. शस्त्रक्रियेनंतर पोटाला सूज येते, आतडी मंदावल्यामुळे वायू धरतो, आणि पोट दाखल होण्याआधीपेक्षा मोठे दिसू लागते. आधीच्या कपड्यांच्या मापावरून आणलेला पट्टा त्यामुळे पहिल्या आठवड्यात पुरत नाही. तोच पट्टा पाचव्या आठवड्यात सैल होतो. मापांच्या सीमेवर असाल तर मोठे माप घेऊन ते अधिक ओढून बांधणे सोयीचे ठरते, पण त्यासाठी चिकटपट्टीचा मऊ भाग पट्ट्याच्या सबंध बाहेरच्या बाजूवर असला पाहिजे. काही पट्ट्यांत तो समोर केवळ हातभर असतो आणि मग सूज उतरल्यावर टोक चिकटवायला जागाच उरत नाही.

दुसरा पट्टा तीन पट्ट्यांचा, ९ इंची होता. आतून सुती अस्तर, पाठीच्या भागात दोन लवचिक काड्या, आणि समोर एकच रुंद चिकटपट्टी असण्याऐवजी तीन सुटी टोके, त्यामुळे प्रत्येक पट्टी वेगळ्या ताणाने बांधता येत होती. माझ्या मते संपूर्ण खरेदीत लक्ष देण्याजोगी गोष्ट हीच. फिजिओथेरपिस्टने मला बांधायची जी पद्धत शिकवली, ती या सुट्या टोकांमुळेच जमली: पलंगावर उताणे पडावे, गुडघे वाकवावेत, पट्टा पाठीखाली असा सरकवावा की त्याची खालची कड छेदाच्या चांगली खाली जाईल, मग सर्वांत खालची पट्टी आधी बांधावी, ती सर्वांत घट्ट, मधली तिच्याहून जराशी सैल, आणि वरची केवळ जागेवर राहील इतपतच. बांधून झाल्यावर वरच्या कडेखाली दोन बोटे सहज जायला हवीत आणि खोल श्वास घेतल्यावर बरगड्या बाजूंना फुलायला हव्यात. उभे राहून पट्टा बांधला की पोट आधीच खाली उतरलेले असते आणि आपण त्यालाच आवळून टाकतो. पडून बांधला की पोट आपल्या जागी असते. हा फरक वाचून फारसा लक्षात येत नाही, एकदा दोन्ही तऱ्हांनी बांधून पाहावे.

पट्ट्याची कड छेदाच्या खाली का न्यायची, याचेही उत्तर मला अनुभवानेच मिळाले. कापडाच्या मधल्या भागाचा दाब सारखा पसरतो, कडेचा दाब एका रेषेत उतरतो. टाके पट्ट्याच्या मध्यभागाखाली आले तर सुखावह वाटते. कडेखाली आले तर त्याच पट्ट्याचा त्रास होतो.

आता या पट्ट्याने प्रत्यक्ष काय साधले ते सांगते. पहिल्या दहा दिवसांत मला वेदनेपेक्षा भीतीने अधिक जखडले होते. पलंगावरून उठताना, शिंक येणार असे वाटताना, कोणी काही विनोदी बोलले तर हसू दाबताना, सतत एकच धास्ती असे की आतून काहीतरी उसवेल. उठायची रीत मला शिकवली होती: आधी गुडघे वाकवून सबंध अंग एका लाकडी ओंडक्यासारखे कुशीवर वळवायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताच्या कोपराने वर रेटायचे, म्हणजे पोटावर ताण येत नाही. ही रीत पट्ट्याविनाही चालते. पट्टा बांधल्यावर मात्र ती निःशंकपणे करता येऊ लागली, आणि उठून उभे राहिल्यावर कमरेत वाकून, पोट दोन्ही हातांत धरून चालण्याची जी सवय लागली होती, ती दोन दिवसांत गेली. हात मोकळे झाले आणि पाठ सरळ झाली. शस्त्रक्रियेनंतर लवकर आणि वारंवार चालायला लावतात ते पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत आणि आतड्यांची हालचाल सुरू व्हावी म्हणून. त्या चालण्याला पट्ट्यामुळे माझ्या बाबतीत खरा हातभार लागला.

खोकल्याच्या बाबतीत मी तितकी खात्रीने बोलणार नाही. खोकताना पट्टा असला तर बरे वाटते हे खरे, पण घडी घातलेला टॉवेल किंवा लहानशी घट्ट उशी छेदावर दोन्ही हातांनी दाबून धरली तर तितकेच, किंबहुना थोडे अधिक बरे वाटते, कारण खोकल्याच्या क्षणी आपण हवा तेवढा दाब देऊ शकतो आणि लगेच काढूनही घेऊ शकतो. पट्टा आणायला उशीर झाला म्हणून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. गाडीतून घरी येताना मात्र मी दोन्ही वापरले: पट्टा बांधलेला, आणि गाडीचा सुरक्षापट्टा व पोट यांच्या मध्ये ती उशी. रस्त्यावरचा एकेक खड्डा त्या दिवशी मला मोजता आला असता.

दुसऱ्या पट्ट्यावर मी पहिल्याच दिवशी पेनाने एक खूण केली, आणि त्या खुणेने मला जे दाखवले ते कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळाले नव्हते. सकाळी उठल्यावर आरामशीर ताणाने बांधले की खालच्या टोकाची कड जिथे येई तिथे एक रेघ, आणि संध्याकाळी सोडून पुन्हा त्याच ताणाने बांधले की जिथे येई तिथे दुसरी रेघ. पहिल्या आठवड्याच्या शेवटी या दोन रेघांमध्ये तीन बोटांचे अंतर होते. म्हणजे सकाळी नीट बांधलेला पट्टा संध्याकाळपर्यंत तीन बोटांनी घट्ट झालेला असे, आणि मी मात्र दुपारनंतर दुखते म्हणून कण्हत, तो दोष टाक्यांना देत असे. तेव्हापासून दुपारी एकदा पडून पट्टा सोडायचा, अर्धा तास पोट मोकळे ठेवायचे आणि नव्याने सैल करून बांधायचा, असा नेम केला. ज्या दिवशी मी जास्त हालचाल केलेली असे, त्या दिवशी रेघांमधले अंतर वाढे. चौथ्या आठवड्यात ते बोटभर राहिले आणि सहाव्या आठवड्यात दोन्ही रेघा जवळजवळ एकावर एक आल्या. आपण बरे होत आहोत, हे आरशापेक्षा त्या निळ्या रेघांनी मला अधिक विश्वासाने सांगितले.

तक्रारीही आहेत. चिकटपट्टीची काटेरी बाजू हा या वस्तूचा सर्वांत त्रासदायक भाग आहे. टोक नेमके बसले नाही तर ती आतल्या सुती कपड्याला धरते, त्याचे धागे ओढते, आणि एकदा तर तिने माझ्या मांडीवर चांगला ओरखडा काढला. तिच्यात केस आणि कापसाचे तंतू अडकत जातात आणि तीन आठवड्यांत तिची पकड निम्म्यावर येते. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती साफ केली की पुन्हा धरू लागते. शिवाय तिचा आवाज. रात्री दोन वाजता स्वच्छतागृहात जाण्यासाठी पट्टा सोडला की खर्रकन असा आवाज होई की शेजारी झोपलेले यजमान दचकून उठून बसत आणि काय झाले, काय फाटले, असे विचारत. पाचव्या-सहाव्या रात्री त्यांनी विचारणे सोडले, दचकणे मात्र सोडले नाही.

स्वच्छतागृहाचा विषय निघालाच आहे तर तेही स्पष्टच लिहिते, कारण याविषयी कोणी बोलत नाही. गर्भाशय काढताना मूत्राशय त्याच्यापासून सोडवून बाजूला करावे लागते, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस त्या भागात हुळहुळेपणा असतो. पट्ट्याची खालची पट्टी घट्ट असली की लघवीची भावना वारंवार होते. मी पहिले काही दिवस याला मूत्रमार्गाचा संसर्ग समजत होते, तपासणीत तसे काही निघाले नाही, आणि पट्टा सैल केल्यावर प्रश्न सुटला. लघवीला जळजळ होत असेल, ताप असेल किंवा लघवी गढूळ असेल तर मात्र पट्ट्याला दोष देत बसू नये, तपासून घ्यावे. शौचाच्या वेळी पट्टा सोडावाच. वेदनाशामक गोळ्यांनी आणि अंथरुणाला खिळल्याने बद्धकोष्ठ होतेच. त्यात वरून पट्टा आवळलेला आणि आपण कुंथतो आहोत, म्हणजे सगळा दाब खालच्या दिशेने जातो.

या खाली जाणाऱ्या दाबाविषयी थोडे अधिक. पोट म्हणजे बंद पिशवी आहे अशी कल्पना केली, तर मधून आवळल्यावर आतला ऐवज वर किंवा खाली सरकणार हे उघड आहे. खाली पेल्व्हिक फ्लोअरचे स्नायू असतात, म्हणजे मूत्राशय, योनिमार्ग आणि गुदमार्ग यांना झोळीसारखे तोलून धरणारे स्नायू, आणि या शस्त्रक्रियेत योनिमार्गाच्या वरच्या टोकालाही टाके घातलेले असतात. ते टाके आपल्याला दिसत नाहीत, त्यामुळे विसरायला होतात. ‘घट्ट बांधशील तितके पोट लवकर आत जाईल’ असा सल्ला मला निदान सहा जणींनी मायेने दिला. तो मी ऐकला नाही, आणि फिजिओथेरपिस्टनेही तेच सांगितले: ओटीपोटात जडपणा जाणवला, खाली काही उतरल्यासारखे वाटले किंवा खोकताना लघवीचे थेंब गळू लागले, तर पट्टा आधी सैल करायचा. पोट सपाट करणे हे या वस्तूचे काम नाही. सूज आपल्या वेळेने उतरते, सैल पडलेले स्नायू व्यायामाने सावरतात, आणि चरबीवर पट्ट्याचा परिणाम शून्य. पट्टा बांधलेला असताना पोट आत दिसते, सोडला की जिथले तिथे.

पट्ट्याच्या उपयोगाविषयी वैद्यकीय चाचण्या काय सांगतात, तेही मी शोधून वाचले. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर झालेल्या काही चाचण्यांत पट्टा बांधलेले रुग्ण सुरुवातीच्या दिवसांत अधिक अंतर चालले आणि त्यांना वेदना किंवा अस्वस्थता कमी जाणवली. फुप्फुसांच्या क्षमतेवर पट्ट्याचा फारसा वाईट परिणाम दिसला नाही. उलट सिझेरियननंतर झालेल्या काही चाचण्यांत पट्टा बांधणाऱ्या आणि न बांधणाऱ्या स्त्रियांच्या वेदनेत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पट्ट्यामुळे जखम लवकर भरते किंवा पुढे हर्निया होत नाही, असे सिद्ध झालेले नाही. पट्टा हा पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घालायच्या दाब देणाऱ्या मोज्यांचा पर्यायही नव्हे, हे वेगळे सांगायला हवे, कारण माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी पट्टा बांधला म्हणून मोजे काढून ठेवले होते.

त्वचेच्या बाबतीत एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते. आडव्या छेदाच्या आसपासचा भाग कित्येक महिने बधिर राहतो, कारण त्वचेतल्या बारीक संवेदनातंतूंचा छेद झालेला असतो. बधिर त्वचेला पट्टा घासत असल्याचे कळतच नाही. माझ्या डाव्या कुशीजवळ, छेदाच्या टोकाच्या किंचित खाली, शिवणीची गाठ घासून रुपयाएवढा लालसर चट्टा पडला, आणि तो मला जाणवला नाही; आंघोळीनंतर आरशात पाहिले तेव्हा दिसला. तेव्हापासून रोज दोनदा आरसा धरून सबंध रेषा पाहायची, पट्ट्याखाली नेहमी सुती, शिवण नसलेला बनियन घालायचा आणि घाम आला की तो लगेच बदलायचा, हे तिन्ही नियम मी पाळले. इलॅस्टिकमध्ये लॅटेक्स असू शकते. ज्यांना रबरी हातमोज्यांनी खाज सुटते त्यांनी पट्ट्यावरची चिठ्ठी वाचूनच तो घ्यावा. जखम ओलसर राहणे हे पट्ट्याच्या सततच्या वापराचे सर्वांत मोठे नुकसान आहे, आणि पोटाची घडी छेदावर येत असेल तर ती जागा दिवसातून काही वेळ उघडी, कोरडी ठेवणे पट्टा बांधण्याइतकेच आवश्यक आहे.

म्हणूनच रात्री मी पट्टा बांधत नसे. सुरुवातीचे काही दिवस कूस बदलताना भीती वाटे म्हणून सैलसर बांधला, नंतर तोही सोडला आणि गुडघ्यांखाली एक उशी घेऊन झोपले. जेवतानाही वरच्या दोन पट्ट्या सोडून ठेवाव्यात, नाहीतर दोन घासांत पोट भरल्यासारखे होते आणि वर आंबट येते.

पाचव्या आठवड्यात, आता बाहेर पडायचे तर कपड्यांखालून न दिसणारे काहीतरी हवे, या मोहाने मी तिसरा प्रकार घेतला: कमरेपर्यंत उंच, पुढे हुकांच्या दोन रांगा असलेली, दाब देणारी निकर. दिसायला तो सर्वांत देखणा होता. घालायला मात्र एक पाय उचलून, वाकून, ओढून वर घ्यावा लागतो, आणि ज्या हालचाली टाळायला सांगितलेल्या असतात नेमक्या त्याच कराव्या लागतात. खालचा हुक छेदाच्या मध्यावर येत होता. दाब कमी-जास्त करायला दोनच पायऱ्या, त्यामुळे संध्याकाळची सूज आली की काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसे. पट्टा काढायला दोन सेकंद पुरतात. ही निकर उतरवायला मला धाकट्या बहिणीची मदत घ्यावी लागली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की पोट धरून खाली बसायची वेळ आली. आठव्या-दहाव्या आठवड्यानंतर, जखम पूर्ण भरल्यावर, कुणाला ती कपड्यांचा बसाव नीट यावा म्हणून घालायची असेल तर हरकत नाही. शस्त्रक्रियेनंतरचा आधार म्हणून मी ती सुचवणार नाही.

पट्टा सोडण्याचे वेळापत्रक मला असे दिले होते: पहिले दोन आठवडे जागेपणी बहुतेक वेळ, मधून मधून विश्रांती देऊन, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चालताना आणि घरातली किरकोळ कामे करताना, पाचव्या आठवड्यापासून लांब चालताना किंवा प्रवासात तेवढा, आणि सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर बंद. हे वेळापत्रक माझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी ठरवलेले होते, दुसरीला ते वेगळे मिळू शकेल. सोडताना मला अपेक्षेपेक्षा जड गेले. पट्ट्याविना दहा मिनिटे चालले की कंबर भरून येई, कारण पोटाच्या स्नायूंचे काम इतके दिवस इलॅस्टिक करत होते. श्वास सोडताना बेंबी हलकेच आत घेण्याचा आणि पेल्व्हिक फ्लोअर आवळून सोडण्याचा जो साधा व्यायाम शिकवला होता, तो परवानगी मिळताच सुरू केला तेव्हा आठवड्याभरात फरक पडला. पट्टा काढला की उघडे पडल्यासारखे वाटते, म्हणून महिनोन्महिने बांधणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या वाट्याला हीच कंबरदुखी येते आणि त्या पुन्हा पट्टा घट्ट करतात.

टिकाऊपणाविषयी थोडक्यात. हाताने, कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवावा. धुण्याआधी चिकटपट्ट्या आपापल्या जागी चिकटवून टाकाव्यात, पिळू नये, सावलीत आडवा पसरून वाळवावा, इस्त्री व ब्लीच वर्ज्य. जाड अस्तराचा पट्टा वाळायला दिवस घेतो, म्हणून एकाच मापाचे दोन असणे सोयीचे. माझ्याकडे दोन होते ते चुकून वेगवेगळ्या मापांचे, त्यामुळे धुण्याच्या दिवशी मला तो १२ इंची राक्षस पुन्हा बांधावा लागे. सहा आठवड्यांत दुसऱ्या पट्ट्याचे इलॅस्टिक किंचित सैल झाले, शिवण कुठे उसवली नाही, काड्या मात्र कापडातून डोकावू लागल्या होत्या.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्यांना पट्ट्याची गरज बहुधा कमी भासते, कारण छेद तीन-चार आणि प्रत्येकी सेंटिमीटरभराचे असतात. त्यांना पहिल्या दोन दिवसांत खांद्यात जे दुखते ते पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडने श्वासपटलाला, म्हणजे छाती व पोट यांच्या मधल्या स्नायूच्या पडद्याला, होणाऱ्या क्षोभामुळे, आणि त्यावर पट्टा हा उपाय नाही. चालणे आणि वेळ हे दोनच. माझ्या एका मैत्रिणीची शस्त्रक्रिया योनिमार्गाने झाली, तिच्या पोटावर टाकाच नव्हता, तरी यादीत हाच ‘१ नग’ होता आणि तिने तो तीन दिवसांत कपाटात टाकला. नळी किंवा जखमेतला स्राव बाहेर काढणारा ड्रेन बसवलेला असेल, श्वासाचा विकार असेल किंवा छेद उभा असेल, तर पट्टा आणण्याआधी शल्यविशारदांना विचारावे. पट्टा बांधलेला असताना छेदाची जागा लाल व गरम होणे, तिच्यातून पाणी किंवा पू येणे, अंगात ताप भरणे, योनिमार्गातून दुर्गंधी स्राव किंवा ताजे रक्त जाणे, पोटरी सुजून दुखणे, एकाएकी धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर पट्टा सैल करून वाट पाहत बसायचे नसते, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.

गुण द्यायचेच झाले तर ९ इंची, सुट्या टोकांच्या पट्ट्याला मी पाचपैकी चार देईन. एक गुण चिकटपट्टीसाठी कापला आहे. १२ इंची पट्टा माझ्यापुरता दोन गुणांचा, उंच बांध्याच्या बाईला कदाचित चार गुणांचा. निकरेला एक, आणि तोही तिने आम्हाला हसवले म्हणून.

माझ्या बहिणीची हीच शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. परवा ती पट्टा मागायला आली. धुऊन ठेवलेला तो पट्टा, त्यावरच्या निळ्या रेघांसकट, तिने अंगाला लावूनही पाहिला. ती माझ्याहून चार बोटे उंच आहे. मी तिला खुर्चीत बसवले, मापपट्टी आणली आणि शेवटच्या बरगडीपासून खाली माप घेतले: सव्वादहा इंच. माझा पट्टा तिला चालेल, दोन्हीकडे अर्धा-पाऊण इंच मोकळे सोडून. घेर मात्र आम्ही आता मोजला नाही. तो शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, सूज आल्यावर, मीच जाऊन मोजणार आहे.